मेंदूतल्या लहरी काम करतात की नुसतीच घरघर?

तळ्यात_मळ्यात
गेल्या महिन्यात दोनदा भोवळ येऊन पडलो म्हणून डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढायला सांगितला. रिपोर्ट नॉर्मल आहे, तेव्हा काळजी नको आणि तब्येतीचे सल्लेही नकोत, धागा त्यासाठी नाहीये. झालं असं की डोक्याला ती गार चिकट पेस्ट लावून एकवीस तारा चिकटवल्या, आडवं केलं आणि टेक्निशियन ताई सांगत होत्या डोळे मिटा... उघडा... मिटा. संपल्यावर म्हटलं, मला बघू तरी द्या काय निघालंय. त्यांनी स्क्रीन वळवला. डोळे उघडे असताना सपाट रेघा, आणि मिटले रे मिटले की मागच्या बाजूच्या तारांत करवतीच्या दात्यांसारख्या एकसारख्या लाटा. सेकंदाला दहा. मी दोनदा मोजल्या.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. काही बघत नसताना मेंदू मोठी लाट काढतो आणि बघायला लागलं की लाट गायब, हे उलटं नाही का? आणि मूळ प्रश्न असा की या लहरी विचार करायच्या कामात खरंच काही करतात, की इंजिन चालू असलं की घरघर होते तशी ही मेंदूची घरघर? घरघर ऐकून गाडी चालू आहे एवढं कळतं, पण गाडी काही घरघरीवर चालत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रुमालवाला
रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसात माझ्या लहरी सपाट असतात, घरी गेल्यावर लिहितो.

सुनबाई_३०
लहरींवर आमच्याकडे तीस वर्षं अखंड संशोधन चालू आहे. सासरे अत्यंत लहरी आहेत. फ्रिक्वेन्सी अजून कुणाला सापडलेली नाही.

जोडतार
@सुनबाई :हहपुवा:

मी चौदा वर्षं ईईजी काढतेय, त्यामुळे इथे बोलायचा हक्क आहे असं समजते. आधी एक दुरुस्ती, डोळे उघडल्यावर रेघ सपाट होत नाही हो. सपाट झाली तर आमची पळापळ होईल. ती बारीक आणि वेगवान होते, नीट बघितलंत तर खुरट्या लाटा दिसतील. तुम्ही जी दहाची लाट बघितली ती अल्फा, साधारण ८ ते १३ हर्ट्झ. तिच्याखाली ४ ते ८ थीटा, त्याखाली डेल्टा, वर ३० पर्यंत बीटा आणि त्याच्या वर गॅमा. या रेषा माणसांनी सोयीसाठी आखल्यात, मेंदूत कुठे कुंपण नाहीये.

आणि सिग्नल किती नाजूक असतो ते सांगते. ईसीजी साधारण एक मिलिव्होल्टचा असतो, अल्फा त्याच्या विसाव्या-पन्नासाव्या हिश्शाएवढी. म्हणून तर केस धुऊन या, तेल लावू नका असं दहादा बजावतो, तरी लोक चापूनचोपून तेल लावून येतात. कुणी दात आवळले, पापणी फडफडली, घाम आला की रेघेचा पार चिखल. आणि प्रत्येक दुसरा पेशंट विचारतो "यात माझ्या मनातलं दिसतं का". नाही हो दिसत, असतं दिसत तर मी ही नोकरी केली असती का :)

एक गंमत करून बघायला हवी होती तुम्ही. डोळे मिटलेलेच ठेवून १७ गुणिले १४ मनात करायचं. बऱ्याच जणांची अल्फा तेवढ्यातही बसते. म्हणजे फक्त डोळ्यांचा प्रश्न नाहीये, मेंदू कामाला लागला की ती मागे हटते.

खडूस_मीटर
२३८. अल्फा बसली का माहीत नाही, चहूबाजूंनी घाम मात्र फुटला.

आता प्रश्नाकडे. मी इलेक्ट्रिकलचा माणूस, त्यामुळे तळ्यात_मळ्यात यांच्या घरघरीच्या बाजूने माझं मत. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. त्या गुणगुणण्यावरून मी लोड ओळखतो, पण गुणगुणणं वीज पुरवत नाही. बैलगाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतोय, तसला प्रकार वाटतो हा. जिथे तिथे "अमुक लहर वाढली म्हणून स्मरणशक्ती वाढली" असं छापून येतं. कावळा बसला आणि फांदी तुटली, एवढंच सिद्ध होतं त्याने.

बिनधास्त_बंडू
म्हणजे मी सहा महिने झोपताना कानात "थीटा म्युझिक" लावतोय ते काय कुत्र्याचं भुंकणं आहे का?

उशिरा_आलेली
रोचक धागा. पीएचडी याच विषयात रखडलेली आहे, त्यामुळे लांबड लागली तर आधीच माफी मागते.

लाट येते कुठून ते आधी. बऱ्याच जणांना वाटतं की पेशी फायर होते तो ठोका आपल्याला डोक्यावर दिसतो. तसं नाहीये. तो ठोका एखाद्या मिलिसेकंदाचा, कवटीबाहेर येईपर्यंत विरतो. ईईजीत मुख्यतः दिसतात ते कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) पिरॅमिडल पेशींच्या सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन पेशींच्या सांध्यापाशी, वाहणारे, जरा रेंगाळणारे प्रवाह. या पेशी शेजारी शेजारी एकाच दिशेने उभ्या असतात म्हणून त्यांची बेरीज होते, आणि तीही हजारो-लाखो पेशी एका ठेक्यात असल्या तरच. ज्याचं त्याचं आपापलं चालू असलं की बेरीज शून्याकडे जाते. म्हणून मोठी लाट म्हणजे मेंदू जास्त काम करतोय असं नाही, तर तेवढा भाग एकसुरात आहे. तुमच्या "उलटं नाही का" चं अर्धं उत्तर इथे आहे, बघायला लागलं की दृष्टीच्या भागातल्या पेशी वेगवेगळ्या कामाला पांगतात आणि एकसूर मोडतो.

उरलेलं अर्धं जास्त मजेशीर आहे. अल्फाला पूर्वी रिकामटेकडी लाट समजायचे, इंजिन न्यूट्रलवर असल्यासारखी. मग असे प्रयोग झाले की समोर एका ठिपक्यावर नजर रोखायची, डोळे हलवायचे नाहीत, पण लक्ष मात्र डावीकडे ठेवायचं. डावीकडचं दृश्य उजव्या मेंदूत जातं. तर उजव्या बाजूची अल्फा खाली येते हे अपेक्षितच, पण डाव्या बाजूची, म्हणजे दुर्लक्ष करायचंय ते उजवीकडचं दृश्य जिथे जातं तिकडची, कित्येकदा वर जाते. रिकामटेकडी असती तर वर जायचं कारण नव्हतं. त्यावरून क्लिमेश, येन्सन वगैरे संशोधक मंडळींनी मांडलं की अल्फा म्हणजे दार लोटून घेणं आहे. नको ती माहिती आत येऊ नये म्हणून त्या खोलीचं दार लावायचं. डोळे मिटल्यावर दृष्टीच्या खोलीला एवढी मोठी कडी लागते ती म्हणून.

जाईजुई_के
वाचतेय. दाराची उपमा आवडली. माझ्या शेजारी कुणी मोबाईलवर मोठ्याने बोलायला लागलं की माझ्या कानाच्या खोलीचं दार मात्र सताड उघडं असतं.

खडूस_मीटर
@उशिरा_आलेली, छान लिहिलंय, पण माझा मुद्दा जागच्या जागी आहे. दार बंद झालं की कडी वाजते. कडीचा आवाज दार बंद करतो हे कुठे सिद्ध झालं?

उशिरा_आलेली
झालं नाही अजून. येते त्यावर, आधी गाईडला एक मेल करायचाय.

जुनी_पानं
गाईडचा मेल होईपर्यंत जरा अवांतर. या लहरी माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा नोंदवल्या त्या जर्मनीत येनामध्ये हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने. आणि त्याला काय शोधायचं होतं? टेलिपथी! तरुणपणी लष्करात असताना घोड्यावरून पडला, थोडक्यात वाचला, त्याच दिवशी घरी बहिणीला काहीतरी वाईट घडल्यासारखं वाटलं म्हणून तिने वडिलांना तार करायला लावली. त्याने धरून ठेवलं की मनातून काहीतरी भौतिक ऊर्जा बाहेर पडत असणार. १९२४ साली पहिली नोंद मिळाली, स्वतःच्या मुलाच्या डोक्यालाही तारा लावल्या, आणि छापलं १९२९ साली. पाच वर्षं स्वतःवरच शंका घेत बसला. छापल्यावरही बऱ्याच जणांनी दुर्लक्ष केलं. १९३४ मध्ये केंब्रिजला ॲड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच पुन्हा करून दाखवलं तेव्हा लोकांना पटलं. ॲड्रियन तोवर नोबेल मिळालेला माणूस, आणि प्रात्यक्षिकाला स्वतःचंच डोकं दिलं.

टेलिपथी काही सापडली नाही. पण चुकीच्या पत्त्यावर जाऊन बरोबर माणूस भेटावा तसं झालं हे.

बिनधास्त_बंडू
माझ्या थीटा म्युझिकबद्दल कोणीच बोलेना.

कुंपणावरची
बंडू, बोलते. एका कानात २०० हर्ट्झ आणि दुसऱ्यात २०६ वाजवलं की डोक्यात सेकंदाला सहा असा हेलकावा जाणवतो, हे खरं आहे, डोव नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला ते एकोणिसाव्या शतकातच सापडलं होतं. बायनॉरल बीट्स म्हणतात ते हेच. पण हेलकावा जाणवला म्हणजे अख्खा मेंदू थीटात गेला आणि थीटात गेला म्हणजे हुशारी आली, ही "पी हळद आणि हो गोरी" झाली. अभ्यास भरपूर झालेत, निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. झोप लागत असेल तर खुशाल ऐक, पण पंख्याच्या आवाजानेही लागते ती.

बिनधास्त_बंडू
सहा महिने!!

मुलीची_आई
लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. माझी मुलगी सात वर्षांची असताना मधेच थबकायची. बोलता बोलता वाक्य अर्धवट, नजर शून्यात, पापण्या किंचित फडफडायच्या, आठ-दहा सेकंदांत परत जिथे सोडलं तिथून पुढे. शाळेतून तक्रार यायची की लक्ष नसतं, दिवास्वप्नं बघते. मीही तिला रागवायचे, ते आजही लागतं मनाला. शेवटी ईईजी काढला. तिच्या हातात भिरभिरं दिलं आणि सांगितलं फुंकत राहा, थांबायचं नाही. दोनेक मिनिटं फुंकली असेल, भिरभिरं थांबलं, हात तसाच वर, आणि स्क्रीनवर सगळ्याच्या सगळ्या रेघा एकदम उसळल्या. टोक आणि लाट, टोक आणि लाट, सेकंदाला तीन. इतकं रेखीव की मला क्षणभर सुंदर वाटलं आणि मग रडू आलं. ॲब्सेन्स एपिलेप्सी. औषधं सुरू झाली, आता बारावीत आहे, गेली कित्येक वर्षं काही नाही.

मला विज्ञान फार कळत नाही. पण त्या दहा सेकंदांत सगळा मेंदू एका लयीत होता आणि नेमकी तेव्हाच ती तिथे नव्हती. त्यामुळे कोणी "मेंदूची लय एकरूप करा" म्हणून काही विकायला आलं की मी दार लावून घेते.

जोडतार
ताई, भिरभिरं वाचून डोळ्यांसमोर आलं. जोरजोरात श्वास घेतला की त्या लाटा उमटायची शक्यता वाढते, म्हणून फुंकायला लावतो. आणि आईवडील मुलांना आधी रागवून मग घेऊन येतात हे आम्हाला दर महिन्याला दिसतं. मनाला लावून घेऊ नका.

तळ्यात_मळ्यात
ताई, हे वाचून प्रश्नच बदलला माझा. मी "लहर चांगली की वाईट" असं मनात धरून बसलो होतो.

कुंपणावरची
मला बोलण्याच्या लयीबद्दल सांगायचंय. कुठल्याही भाषेत माणूस सेकंदाला साधारण चार ते आठ अक्षरं या टप्प्यात बोलतो, आणि ऐकणाऱ्याच्या श्रवण-कॉर्टेक्समधल्या थीटाचा वेगही तोच. ऐकताना थीटा बोलण्याच्या चढउताराला धरून चालते. मी लेक्चरं दुप्पट वेगाने ऐकते, जमतं. तिप्पट केलं की शब्दांचा भुगा.

आता गंमत ऐका. गिट्झा आणि ग्रीनबर्ग यांनी २००९ मध्ये तिप्पट दाबलेलं बोलणं घेतलं, त्याचे ४० मिलिसेकंदांचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यापुढे ८० मिलिसेकंदांची शांतता घातली. आवाज ऐकायला भयंकर, तुटक तुटक. पण लोकांना पुष्कळ जास्त कळायला लागलं! नवी माहिती काहीच दिली नव्हती, फक्त तुकडे पुन्हा मूळ चालीने येऊ लागले. म्हणजे मेंदूला शांतता हवी होती असं नाही, घास त्याच्या ठेक्यात हवा होता. काका, हे घरघरीने कसं समजावून सांगणार?

खडूस_मीटर
हे बरं आहे. मान्य, यावर विचार करायला लागेल. पण मोकळी जागा मिळाल्याने प्रक्रियेला नुसता वेळ मिळाला असंही असू शकतं ना.

कुंपणावरची
शांततेची लांबी बदलून बघितली होती त्यांनी. जास्त वेळ दिला तर जास्त कळलं असं नाही झालं, ८० च्या आसपास सगळ्यात बरं आणि त्याहून लांबवली की परत बिघडलं.

खडूस_मीटर
हम्म.

उशिरा_आलेली
आले. काकांचा प्रश्न आमच्या क्षेत्रातला खरोखरचा जुना भांडणाचा मुद्दा आहे, त्यामुळे त्यांना खडूस म्हणू नये (आयडीच तसा आहे त्याला काय करणार).

१९८९ मध्ये ग्रे आणि झिंगर यांना मांजराच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये ४० हर्ट्झच्या आसपास एकत्र ठेका धरणाऱ्या पेशी सापडल्या. मग टूम निघाली की लाल रंग इथे, गोल आकार तिथे, हे सगळं जोडून "लाल चेंडू" दिसतो तो या ४० च्या ठेक्यामुळे. काही वर्षं ४० म्हणजे जाणिवेचा आकडाच झाला होता. मग टीका झाली, आणि डोक्यावरून मोजलेल्या गॅमाचं तर फारच हसं झालं. २००८ मध्ये एका गटाने दाखवलं की त्यातला बराचसा गॅमा म्हणजे डोळ्यांचे बारीक झटके होते, मेंदू नव्हेच! कपाळाचे नि मानेचे स्नायू वेगळेच. अल्झायमरसाठी ४० हर्ट्झचा लुकलुकणारा दिवा हेही तसंच अधांतरी आहे, एमआयटीतल्या गटाने २०१६ मध्ये उंदरांत अमायलॉइड (या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन) कमी झाल्याचं दाखवलं, २०२३ मध्ये दुसऱ्या नावाजलेल्या गटाला तसं दिसलं नाही. वाद चालू आहे.

पण सगळंच कुत्र्याच्या खात्यात टाकता येत नाही. उंदीर धावत असताना त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी आणि जागा लक्षात ठेवणाऱ्या भागात, थीटा चालू असते. ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी बोलते, ती जागापेशी, ओकीफला २०१४ मध्ये नोबेल मिळालं त्यातली. पण ती नुसती बोलत नाही. उंदीर त्या जागेत शिरताना पेशी थीटाच्या लाटेच्या उशिराच्या भागात बोलते आणि जसजसा तो पुढे जातो तसतशी प्रत्येक लाटेत आधी आधी बोलायला लागते. ओकीफ आणि रेचे यांनी १९९३ मध्ये दाखवलं हे. म्हणजे किती वेळा बोलली एवढंच नाही, लाटेच्या कुठल्या भागात बोलली यातही माहिती आहे. लाट हे घड्याळ झालं. घड्याळ काढून घेतलं तर "आधी" आणि "नंतर" ला अर्थच उरत नाही.

दोन भागांच्या बोलण्याचंही तसंच. दोन मुली दोरी फिरवतायत आणि तिसरीला आत शिरायचंय. दोरी वर असताना शिरली तर शिरली, नाहीतर पायात. पेशींचा एक गट लाटेच्या एका भागात ऐकायला मोकळा असतो, दुसऱ्या भागात बंद. फ्रीसने २००५ मध्ये मांडलं ते हेच, ज्यांच्या दोऱ्या जुळल्या त्यांचा निरोप पोचला.

खडूस_मीटर
दोरी समजली. तरी विचारतो, बाहेरून कुणी दोरी हलवून बघितली का? मीटरचं रीडिंग पुष्कळ झालं.

उशिरा_आलेली
बघितली. २००६ मध्ये यान बोर्न या संशोधकाच्या गटाने झोपलेल्या लोकांच्या डोक्याला ०.७५ हर्ट्झचा मंद प्रवाह दिला, म्हणजे गाढ झोपेतल्या संथ लाटेच्याच चालीचा. रात्री पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी जास्त आठवल्या. थीटाच्या चालीने, ५ हर्ट्झने, दिला तेव्हा तो फायदा नाही. पण नंतर इतरांनी करून बघितलं तेव्हा कधी जमलं कधी नाही, तेही सांगते. पार्किन्सन्समध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या खोल भागात बीटा माजलेली असते, औषधाने किंवा आत बसवलेल्या तारेने ती ओसरते आणि हालचाल सुटी होते. मात्र ती तार इतरही बऱ्याच गोष्टी बदलते.

आणि तुमच्या कुत्र्याबद्दल. उंदराच्या कॉर्टेक्सच्या कापांवर २०११ मध्ये प्रयोग झाला, पेशींभोवती अगदी क्षीण विद्युतक्षेत्र डोलवलं, मेंदूत आपोआप तयार होतं साधारण तेवढंच. पेशींच्या व्होल्टेजमध्ये मिलिव्होल्टच्या अंशाएवढा फरक, तेवढ्याने नव्याने कुणी फायर होत नाही. पण ज्या पेशी फायर होतच होत्या त्यांची वेळ त्या डोलण्याकडे सरकली. म्हणजे कुत्रा गाडी ओढत नाही, कबूल. पण तो भुंकला की बैल पाऊल जरा आधी टाकतात.

खडूस_मीटर
भुंकतो हे मान्य. कापलेल्या तुकड्यात भुंकतो. अख्ख्या गाडीखाली भुंकतो का ते दाखवा, मग आयडी बदलतो.

सुनबाई_३०
सासऱ्यांना वाचून दाखवला धागा. म्हणाले, "बघ, लहरी असण्याला काम असतं."

तळ्यात_मळ्यात
धाग्याचा मालक या नात्याने माझी बाजू सांगतो. घरघर हा शब्द मागे घेतोय, निदान अर्धा. सगळ्या लहरींना एकच उत्तर असेल असं धरून विचारलं होतं मी, ते चुकलंच. त्या दिवशी स्क्रीनवर जे बघितलं ते मेंदूने दार लोटून घेतलेलं होतं, आणि ते मी चक्क मोजत बसलो होतो. जोडतार ताई, पुन्हा तारा लावायची वेळ आली तर १७ गुणिले १४ करून बघेन.

जोडतार
उत्तर फुटलंय आता, दुसरं गणित देईन. आणि मेंदूच्या हात हलवणाऱ्या भागावरही अल्फासारखीच एक लाट असते, म्यू. मूठ आवळली की बसते. मूठ न आवळता नुसती आवळतोय अशी कल्पना केली तरी बसते पुष्कळांची. ज्यांना हातपाय हलवता येत नाहीत त्यांना याच्यावर कॉम्प्युटरचा बाण हलवायला शिकवतात. पुढच्या वेळी ते दाखवते.

रुमालवाला
आलो. केवढं लिहिलंय लोकांनी! कुणी थोडक्यात सांगेल का काय ठरलं?

जोडतार
डोळे मिटा.